डोंग्यातला माझा वाटा

वैनगंगेच्या डोहात बुडालेला तो जुना डोंगा पहिल्यांदा मी पाहिला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या सावली गावात कोणालाही विचारलं तर तो एका ढिवरानं, म्हणजे मासेमारानं शोधला असंच सांगतील.

एकोणीसशे पन्नास सालानंतरचा एक उन्हाळा. मी जुन्या लाकडाचा व्यापार करायचो. पाणी उतरल्यावर रेतीतून एक टोक वर आलेलं दिसलं. डोहात उतरायला माणूस हवा, म्हणून मी त्या ढिवराला बोलावलं. एकाच खोडातून कोरलेला डोंगा निघाला, पण मोडून दोन तुकडे झालेला. दोन तास घासाघीस करून मोठा तुकडा मी घेतला, लहान त्याच्या गळ्यात मारला. त्यानं तो पुन्हा डोहात बुडवला आणि वर दगड ठेवले. मी मनसोक्त हसलो.

माझा तुकडा मी रेतीवर उन्हात टाकला. वाळला की गाडीत हलका जाईल.

"भाऊ, उनात काऊन टाकून राह्यले? फाटंल ना. आमी आमचे डोंगे उन्हाळाभर पान्यातच बुडवून ठेवतो."

"तू मले लाकूड शिकवून राह्यला काय बे?"

 आठवड्यात तुकडा तडकला, पिळवटला.

पुढे, बुडालेल्या जुन्या होड्यांचा अभ्यास करणारे एक साहेब नागपूरहून आले. शाळेच्या पटांगणात त्यांनी ढिवराचा तुकडा ओल्या गोणपाटावर ठेवून गावाला दाखवला.

"इथली भेग राळेनं बुजवली आहे. डोंगा जुना झाला तरी मालकानं टाकला नाही. आणि ही झिजलेली जागा बघा. वल्हवणारा रोज इथंच पाय रोवायचा."

बायाबापड्या वाकून त्या जागेला हात लावू लागल्या. ढिवर साहेबांच्या शेजारी उभा राहून राळ कशी उकळतात ते सांगत होता, आणि साहेब मान डोलावत होते!  मी तुकडा घातलेली बैलगाडी पुढे घेतली. माझा तुकडा त्याच्या दुप्पट होता.

साहेबांनी त्यावरून हात फिरवला. राळेचा चुरा त्यांच्या बोटांना लागला.

"अरेरे! हा वाळवला कुणी? यातलं आता काही वाचता येणार नाही."

गर्दीतून कोणीतरी बोललं, "चुलीत घाला, भाऊ!" सगळे खदखदा हसले. ढिवर मात्र हसला नाही.

मग साहेबांनी वही उघडून विचारलं, "डोंगा आधी कुणाला दिसला?"

मी तोंड उघडणार, तोच ढिवर म्हणाला, "या भाऊले दिसला पयले. मी त मंग आलो."

साहेबांनी मान वर न करता लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच विचारला.

जे हक्कानं माझं होतं, तेवढंही त्यानं मला दान दिल्यासारखं दिलं. तो खोटं बोलला असता तर मी भांडलो असतो, जिंकलोही असतो. तुकडा अजून माझ्या गोठ्यात आहे. बघायला कोणी येत नाही.