चंपत वल्द देवाजी

चंपतराव नंदनवार थकलेले नव्हते असा दिवस मी पाहिला नाही. सकाळी साडेदहाला रेकॉर्ड खोलीचं कुलूप काढतानाच ते संध्याकाळ झाल्यासारखे दिसत. मी त्याच तहसील कचेरीत टायपिस्ट होते, अडुसष्ट सालापासून. आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीपलीकडून दिवसभर पानं उलटल्याचा आणि खोकल्याचा आवाज येई. मला त्याची इतकी सवय झाली होती की ते रजेवर असले की माझ्या टायपिंगमध्ये चुका होत.

त्यांचं काम माणसं शोधायचं. पूर्वी गावचा कोतवाल जन्म आणि मरण एका वहीत लिहून आणी, त्या वह्या आमच्याकडे बांधून ठेवल्या होत्या. कोणाला शाळेसाठी, कोणाला जागेसाठी दाखला लागे. शोधायचा कसा, तर मुलाचं नाव आणि 'वल्द' म्हणून बापाचं नाव. पण आमच्या भागात नावं ती किती! एका गावात सहा धोंडबा, त्यातल्या चौघांचे बाप मारोती. बरं, आडनाव वहीत लिहायची पद्धत नाही. मग चंपतराव समोरच्याला विचारत बसत की तुमच्या शेजारी कोण राहायचं, विहीर कोणत्या बाजूला होती. लोक वैतागत. त्यांना कागद हवा असे आणि हे विहिरीचं विचारत.

त्यांचा एक नियम होता. जन्माची नोंद सापडली तरी ते लगेच नक्कल देत नसत. मरणाची वही काढून पुढची पाच वर्षं बघत. कारण तेव्हा लेकरं पटापट जात, आणि कितीतरी घरांत गेलेल्या मुलाचंच नाव पुढच्याला ठेवत. तोच परत आला, असं समजून. त्यामुळे माणूस समोर जिवंत बसलेला असे आणि त्याच्या नावाची पहिली नोंद भलत्याच कोणाची तरी निघे. लोक जन्म शोधायला येत आणि चंपतराव त्यांच्यासाठी मरण शोधत बसत. मी एकदा म्हटलं, तुमच्याकडे यायचं म्हणजे जिवंत असल्याचा पुरावा घेऊन यायचं. ते हसले नाहीत. त्यांना हसायचाही कंटाळा असे.

घरी ते आणि त्यांची आई, अंजनाबाई. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. कचेरीमागे सरकारी क्वार्टर होतं, दोन खोल्या आणि पुढे पेरूचं झाड. अंजनाबाईंची नजर पाच-सहा वर्षांपूर्वी पार गेली होती, पण त्या घरात ती म्हातारी डोळस माणसासारखी फिरे. चुलीपासून मोरी सात पावलं, मोरीपासून दार चार. पेरू पिकला की वासावर जाऊन तोडून आणी. मी गेले की माझा हात धरून बसे आणि लेकाचं कौतुक सांगे. त्यात एक वाक्य ठरलेलं असे, "हा एकडाव रुसून गेला होता माह्यापासून. मंग आला वापस." लहानपणी कुठे जत्रेत हरवला असेल, असं मी समजत होते. चंपतरावही तसंच समजत होते.

नोव्हेंबर एक्याऐंशीला ते अठ्ठावन्न वर्षांचे होऊन निवृत्त व्हायचे होते, आणि मग तीन महिन्यांत क्वार्टर सोडायचं. कामठीला चुलतभावाकडे एक खोली मिळणार होती. चंपतरावांना दुसऱ्या कशाचीच काळजी नव्हती. एकच घोर होता, की आंधळ्या म्हातारीला या वयात नवं घर पाठ करावं लागेल. आईचे डोळे मिटेपर्यंत हे घर राहावं, एवढंच ते म्हणत.

त्या एप्रिलमध्ये जयवंताबाई नावाची एक विधवा बाई आली. चंपतरावांच्याच गावची, कामठीपलीकडची. तिला नवऱ्याच्या जन्माचा दाखला हवा होता. नवऱ्याचं नाव चंपत, बाप देवाजी. चंपतराव म्हणाले, हे तर माझंच नाव. गावात दोन देवाजी होते, दोघंही विणकर, दोघांच्या घरी चंपत. बाईला साल माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे जुन्यापासून सगळ्या वह्या काढल्या. बाईचा नवरा एकोणतीस सालच्या वहीत सापडला, घराच्या खुणेसकट. पण वाटेत, पंचवीस सालच्या मरणाच्या वहीत, एक नोंद लागली. चंपत वल्द देवाजी, वय दीड वर्ष, ताप. आणि सव्वीसच्या जन्मात पुन्हा एकदा, चंपत वल्द देवाजी.

बाईला दाखला देऊन ते माझ्या खोलीत येऊन बसले. पाणी मागितलं, प्यायले नाहीत. मग सांगितलं. सेहेचाळीस साली नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी हौसेनं स्वतःची नोंद शोधली होती. तेवीस सालच्या वहीत मिळाली. नवा माणूस, आनंद झाला, वही मिटली आणि तीच तारीख सर्व्हिस बुकात घातली. नियम त्यांनी पुढे केला, तो दुसऱ्यांसाठी. स्वतःचं मरण काही त्यांनी पाहिलं नाही.

मी मात्र खुर्चीतून उठलेच. तेवीसचा चंपत दीड वर्षाचा होऊन गेला, म्हणजे हे सव्वीसचे. तीन वर्षं! नोकरी तीन वर्षं वाढत होती, घर तीन वर्षं राहत होतं. मी त्याच दुपारी अर्ज टाईप केला. साहेब वाचून म्हणाले, ठीक आहे, पण गावात देवाजी दोन. मेलेला मुलगा त्या दुसऱ्या देवाजीचा नव्हता कशावरून? हे सांगणारं कोणी जिवंत आहे का?

जिवंत एकच होती. चंपतराव पंधरा दिवस टाळत राहिले. आज बुढीची तब्येत बरी नाही, आज अमावस्या आहे. शेवटी मीच चिडले. म्हटलं, लोकांना विहिरी विचारता आणि स्वतःच्या आईला एक प्रश्न विचारवत नाही? ही माझी जीभ. आजही तिचा मला राग येतो.

रविवारी सकाळी मी जबाब टाईप करून, शाईचा पॅड घेऊन साक्षीदार म्हणून गेले. म्हातारी पेरूखाली बसली होती. चंपतरावांनी तिचा अंगठा पॅडवर टेकवला आणि सावकाश वाचून दाखवलं. माझा पहिला मुलगा चंपत हा दीड वर्षाचा असताना तापाने मरण पावला. त्यानंतर मला दुसरा मुलगा झाला. एवढ्यावर तिनं अंगठा मागे घेतला.

"मेला म्हनून लिवलं?"

"हो माय. कागदावर तसंच लिवा लागते."

"मेला नाही गा तो. रुसून गेला होता. दोन सालात वापस आला, म्या त्याले चंपतच म्हनलं." मग तिनं हात पुढे करून लेकाचा चेहरा चाचपला. त्याच्या गालाला शाई लागली. "तो मेला असंन, तं तू कोन होय?"

चंपतरावांनी धोतराच्या सोग्यानं तिचा अंगठा पुसला. बराच वेळ पुसला, शाई काही निघेना. मग कागदाची घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "शोभाताई, राहू द्या."

मी भांडले. म्हटलं, तिला कळणारही नाही, अंगठा तर घ्या. ते म्हणाले, तिचा चंपत छप्पन्न वर्षं मेला नाही, आता मी त्याला कशाला मारू. नोव्हेंबरच्या तीस तारखेला त्यांना नारळ आणि शाल दिली. फेब्रुवारीत पेरूचं झाड दुसऱ्या कोणाचं झालं.

कामठीच्या खोलीत त्यांनी खाटेपासून मोरीपर्यंत दोरी बांधली होती. मी गेले तेव्हा म्हातारी दोरी धरून चालत होती आणि मधेच थांबून विचारत होती, "चंपत, घर कुठी गेलं गा?" ते म्हणत, येऊन राहिलं माय, चाल. तिच्या कपाळाला टेंगूळ होतं. मी त्या दिवशी लवकर निघाले, मला बघवेना.

त्र्याऐंशीच्या थंडीत ती गेली. खरी तारीख धरली असती तर त्यांची नोकरी अजून वर्षभर होती आणि ती तिच्या पेरूखाली गेली असती. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, त्यांना तर नाहीच.

दहाव्याला कन्हानच्या घाटावर मी गेले होते. आईचा पिंड ठेवून झाला, कावळा लगेच शिवला. सगळे उठायला लागले तसे चंपतराव भटजींना म्हणाले, अजून एक नाव घ्यायचं आहे. कोणाचं, म्हणून त्यांनी विचारलं.

"चंपत वल्द देवाजी. वय दीड वर्ष."

हे तर तुमचं नाव, भटजी म्हणाले, आणि एवढ्या लहान लेकराचा पिंड नसतो.

"पिंड नका देऊ, महाराज. नुसतं नाव घ्या," चंपतराव म्हणाले. "माय होती तंवरी घेता येत नव्हतं."

भटजींनी नाव घेतलं. चंपतराव ओंजळीत पाणी घेऊन गुडघाभर नदीत उभे होते. अठ्ठावन्न वर्षं उशिरा, पण माणूस बरोबर सापडला होता. त्यांनी पाणी सोडलं आणि रडायला लागले, आणि मग चुलतभाऊ त्यांना धरून बाहेर घेऊन आला.