बडे अब्बांची गवाही

माझी अम्मी मशिदीच्या दारात चपलांपाशी उभी होती. डोक्यावर ऊन. आत सावलीत जमात बसलेली. बाईनं आत जायचं नाही, म्हणून तिचा फैसला तिनं बाहेरून ऐकायचा. मी तिचा पदर धरून उभी. मला वाटत होतं आम्ही काहीतरी वाटप घ्यायला आलोय. भूकंपानंतर रोजच कसलं न कसलं वाटप असायचं गावात.

बोलत होते बडे अब्बा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गावात मोजक्याच मुसलमानांकडे जमीन, त्यातले ते एक. ट्रॅक्टर त्यांचा. मशिदीच्या कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, तेच. त्यांचा आवाज मोठा नव्हता कधी. मोठा करायची गरजच पडली नाही त्यांना.

"जिना केलाय हिनं," ते म्हणाले. "शरियतमध्ये ह्याची सजा दगडानं ठेचून मारायची हाय. आम्ही रहम करून राहिलो. पोरगी घे अन् दिवस मावळायच्या आत गाव सोड."

जिना म्हणजे व्यभिचार. मला तेव्हा शब्द माहीत नव्हता. दगड माहीत होता. आमचं सगळं घर दगडामातीचं होतं आणि ते आमच्याच माणसांच्या अंगावर पडलं होतं. दगडाचं नाव काढलं तशी मी अम्मीच्या पायाला मिठी मारली.

फैसला झाला. माणसं उठली. एकाची चप्पल अम्मीच्या पायापाशी होती. त्यानं ती वाकून घेतली नाही. हातातल्या काठीनं ओढून घेतली. हिची सावली नको लागायला. अम्मी एक पाऊल मागं सरकली, त्याला सोपं जावं म्हणून. आजही ते आठवलं की माझा जीव जळतो. काठीवाल्याचा राग येतो तो येतोच, पण अम्मी सरकली का, ह्याचा जास्त येतो.

आता तिनं केलं काय होतं ते सांगते. मी तिथंच होते. मी सोडून कुणीच नव्हतं.

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. अब्बा भिवंडीला लूमवर कामाला. शेजारच्या शेडमध्ये चांदमामू. पिंजारी होता तो, गाद्या भरायचा. त्याची बायको आणि दोन्ही पोरं ढिगाऱ्यात गेली. तो त्या रात्री कापूस घेऊन दुसऱ्या गावी गेलेला, म्हणून राहिला. अम्मी त्याला भाऊ म्हणायची. भाकरी व्हायची तेव्हा एक जास्तीची थापायची आणि मला घेऊन पाठवायची.

चांदमामूला एकच झालं होतं. जमिनीतून गुरगुर आली की तो पळायचा. एकटा पळायचा नाही. जो समोर दिसेल त्याला ओढून बाहेर काढायचा. आधी सगळेच तसे पळायचे. तवा पडला तरी अख्खी वस्ती मैदानात. मग हळूहळू लोकांना सवय झाली. ह्याला झाली नाही. बकरीसुद्धा बाहेर काढलीय त्यानं एकदा, आणि लोक हसले होते.

त्या दुपारी खडीचा ट्रक आला. नवीन गावठाणाचं बांधकाम सुरू होतं, रस्ता कच्चा, पत्रे थरथरायला लागले. अम्मी नुकतीच न्हायली होती. केस मोकळे, डोक्यावर पदर नाही. चांदमामू आत घुसला, मला काखेत मारलं, अम्मीचा हात धरला आणि ओढत बाहेर. "भागो, भागो" एवढंच. मैदानात येऊन थांबला तर समोरून ट्रक निघून चाललेला. धूळ. आणि झाडाखाली बडे अब्बांची बैठक बसलेली, ती आमच्याकडं बघतेय.

भूकंप काही झाला नव्हता. बस, एवढंच झालं होतं. एक बाई केस मोकळे सोडून एका परक्या माणसाचा हात धरून भर दुपारी घरातून बाहेर आली. जिभेला हाड नसतं. संध्याकाळपर्यंत, तो हात धरून बाहेर आला इथून तो आधीपासूनच आत होता, रोजच असतो, भाकरी उगाच जात नाही, इथपर्यंत गोष्ट गेली. मला कुणी विचारलं नाही. त्याच्या काखेत मी होते ते सगळ्यांनी पाहिलेलं. पण पोरीची गवाही कोण घेतो?

अब्बांना भिवंडीला निरोप गेला. अब्बा आले नाहीत. तलाक आला. तोही कुणाच्या तरी तोंडी.

चांदमामूला कुणी गावातून काढलं नाही. तो पुरुष. पण तो बोलायचा थांबला. पुढं कधीतरी गावात खरोखर हादरा बसला, छोटासाच, सगळे बाहेर पळाले. हा आत बसून राहिला म्हणतात. हात मांडीखाली घेऊन बसलेला. हे मला लई वर्षांनी कळलं आणि मी धाय मोकलून रडले. एवढ्या सगळ्यात एकच माणूस दुसऱ्याला वाचवायला पळत होता, त्याचेच पाय मोडले ह्यांनी.

आम्ही अर्धापूरला मामांकडं आलो. अम्मी केळीच्या बागेत जायची. घड वाहायचे, पानं काढायची. केळीचा चीक लागला की डाग जात नाही, तिची एक साडी धड नव्हती. ती कधी त्या दिवसाबद्दल बोलली नाही. मी विचारलं की म्हणायची, जाऊ दे. सकाळी मला मदरशात पाठवायची. मी कुराणाचे सिपारे पाठ केले, एका अक्षराचा अर्थ माहीत नसताना. त्यात सूरह नूर हा अध्याय पण होता. अम्मीचा फैसला माझ्या तोंडात होता आणि मला माहीत नव्हतं.

कॉलेजला नांदेडला गेले. तिथं हॉस्टेलजवळ एक आपा राहायच्या, जुम्म्याच्या दुपारी पोरींना कुराणाचा अर्थ सांगायच्या. एक दिवस सूरह नूर आली. जिना करणाऱ्या बाईला आणि पुरुषाला शंभर कोडे, म्हणजे चाबकाचे फटके. मी उठून बाहेर निघाले. आपा म्हणाल्या, बस, पुढची आयत ऐकून जा.

मधली एक सोडून पुढची आयत, म्हणजे वचन, अशी होती. जे लोक पाक बायकांवर आळ घेतात आणि चार गवाह आणत नाहीत, त्यांना ऐंशी कोडे मारा आणि त्यांची गवाही पुन्हा कधीही मान्य करू नका.

मी खाली बसले ती उठलेच नाही. आपांना विचारत राहिले. एवढी कडक सजा कशाला? आणि एवढी कडक, तर मग पुरावा इतका अवघड का? आपांनी शांतपणे सांगितलं. चार माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे, सुरमादाणीत सुरम्याची काडी जाताना दिसावी तसं. मैदानात उभं दिसलं, हात धरलेला दिसला, हे चालत नाही. असं चार माणसांना कधी दिसतं का? भर बाजारात केलं तरच. म्हणजे सजा मोठी ठेवली ती लोकांनी गुन्हा हलका समजू नये म्हणून, आणि पुरावा अवघड ठेवला तो लोकांनी दुसऱ्याच्या दारात नाक खुपसू नये म्हणून. तिघं आले आणि चौथा डळमळला तर तिघांच्याच पाठीवर कोडे. शंका आली की सजा टळते. बाकीचं अल्लानं झाकलंय, ते उघडायचा हक्क कुणाला नाही. आणि दगडाचं काय, मी विचारलं. ते कुराणात नाही, हदीसमधून, पैगंबरांच्या वचनांतून आलंय, आपा म्हणाल्या, आणि ते लागू करायलाही हेच चार गवाह लागतात. नवऱ्यालाच संशय असेल तर त्यानं समोर येऊन कसम खायची, मग बायकोनंही कसम खायची. तिनं कसम खाल्ली की तिची सजा संपली. म्हणजे बाईचा शब्द पुरुषाच्या शब्दाएवढाच भारी.

माझ्या अम्मीला कुणी कसम घातली नाही. तिला तोंडच उघडू दिलं नाही.

मला सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. कोडा कुणाच्याच पाठीवर पडू नये, असं मला आजही वाटतं, आणि हे मी आपांच्या तोंडावर बोलले. पण त्या दिवशी एक गोष्ट लख्ख कळली. बडे अब्बांनी आम्हाला शरियत दाखवली नव्हती. अर्धं पान दाखवलं होतं. उरलेल्या अर्ध्यात त्यांचं स्वतःचं नाव होतं.

पुढं लातूरला आले. क्लासेसची लाट आलेली. गल्लीगल्लीत बोर्ड, घराघरात कॉट बेसिसवर पोरं. मी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. माझ्या पोरांना मी एक गोष्ट घोकवते. नुसतं विधान पाठ करू नका, खाली कारण दिलेलं असतं, ते वाचा. बडे अब्बाही तोवर लातूरला आलेले. जमीन विकून बिल्डिंग बांधली, पोरींचं हॉस्टेल काढलं. गेटवर स्वतः खुर्ची टाकून बसायचे, कोण कधी आलं बघायला. पालकांना भरवसा वाटायचा.

मला स्थळ आलं. मुलगा फार्मासिस्ट. दोनदा बोललो होतो, मला आवडला होता, खोटं कशाला बोलू. त्याच्या घरच्यांनी चौकशी केली आणि गावाकडची गोष्ट बाहेर आली. मग त्यांनी अट घातली. निकाहला मुलीकडून पहिला गवाह बडे अब्बा पाहिजेत. तो इज्जतदार माणूस उभा राहिला म्हणजे लोकांची तोंडं बंद. आणि मुलीची आई पुढं दिसायला नको.

मामा म्हणाले, आपलेच दात, आपलेच ओठ, निभावून ने. अम्मी म्हणाली, मी कुठंबी बसते बेटा, तुझं होऊ दे. बडे अब्बा लगेच तयार झाले. मोठ्या मनाचे म्हणून त्यांचंच कौतुक झालं.

मी हो म्हणाले. खरं सांगते, निभावून न्यायचंच ठरवलं होतं.

निकाहच्या दिवशी अम्मी हॉलच्या मागं, आचारी बिर्याणीच्या देगा उतरवत होते तिथं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. नवी साडी नेसून. आमच्यात रिवाज असा, की एक वकील आणि दोन गवाह नवरीच्या खोलीत येतात, तिचा होकार ऐकतात आणि मग काझीला जाऊन सांगतात. मामा वकील. त्यांच्या मागं बडे अब्बा आणि मुलाकडचे एक चुलते. बडे अब्बांनी अत्तर लावलं होतं. ते माझ्यासमोर बसले आणि हलकेच म्हणाले, "बोल बेटी, शरमू नको."

मशिदीच्या दारात ऐकलेला तोच आवाज. मामांनी मुलाचं नाव घेतलं, मेहेरची रक्कम सांगितली, कबूल आहे का विचारलं. मी म्हणाले, आधी गवाह बदला.

मामांनी डोळ्यांनी विनवलं. मी बडे अब्बांना म्हणाले, "शंभर कोड्यांची आयत तुम्हाला पाठ हाय. तिच्या पुढं आळाची हाय, ती म्हणा."

त्यांना येत होती. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की येत होती. मग मीच म्हटली, आधी अरबीत, मग मराठीत, सगळ्या बायकांना कळावं म्हणून. "माझ्या अम्मीवर आळ घेतलात. चार गवाह आणले न्हाईत. मला तुमच्या पाठीवर कोडे नकोत. पण तुमची गवाही मला चालत न्हाई."

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "आईसारखीच निघालीस."

"हाव," मी म्हणाले.

काझींनी समजावून पाहिलं, गवाह बदलला तर काही बिघडत नाही म्हणाले. पण मुलाच्या वडिलांना तो अपमान वाटला. वऱ्हाड न जेवता निघालं. मुलगा गाडीत बसला, एकदा माझ्या खिडकीकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटत होतं, उतरेल. नाही उतरला.

अम्मी धावत आली आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. म्हणाली, "मग मी इतकी वर्षं गप कशाला बसले गं?"

तिनं जे माझ्यासाठी गिळलं होतं, ते मी एका दमात ओकून टाकलं होतं. पुढचं वर्ष ती माझ्याजवळ लातूरला राहिली, कुणाकडं गेली नाही, फार बोललीही नाही. थंडीत गेली. तिच्या मयताला अब्बा आले नाहीत. जाईपर्यंत तिला एकानंही विचारलं नाही, की बाई, त्या दुपारी काय झालं होतं?

लोक म्हणतात, आता तरी सोड. म्हातारा माणूस आहे, किती दिवस राहिलेत त्याचे? पण बडे अब्बा अजून लोकांच्या निकाहात गवाह म्हणून बसतात, जमातीत फैसले देतात, हॉस्टेलच्या गेटवर बसून पोरींच्या येण्याजाण्याचे अर्थ लावतात. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका निकाहात ते बसलेले दिसले. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांदेखत तीच आयत म्हटली. मला बाहेर काढलं. मी गेले.

त्या आयतीच्या पुढं अजून एक आयत आहे, तीही मी लपवणार नाही. ज्यानं तौबा केली आणि स्वतःला सुधारलं, त्याच्यासाठी अल्ला माफ करणारा आहे. ठीक आहे. बडे अब्बांनी गावात जावं, त्याच जमातीसमोर उभं राहावं आणि माझ्या अम्मीचं नाव घेऊन म्हणावं, मी खोटं बोललो. अल्लानं माफ करायचं का ते अल्लानं बघावं. अम्मीची माफी आता त्यांना मिळायची नाही, ती त्यांनी वेळेत मागितली नाही.

तोवर ते जिथं गवाह म्हणून बसतील तिथं मी उभी राहीन. काढलं तर बाहेर जाईन आणि पुढच्या निकाहाला पुन्हा येईन.