आईने भावजयीला सांगितलेले आजोबा

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, मुंबईत आगीच्या बंबावर होते, हे मला माझ्या भावजयीकडून कळलं. तेव्हा माझी साठी जवळ आली होती, आई नव्वदीला टेकली होती आणि कित्येक वर्षं आम्ही दोघी इथे परदेशात, बुकित बातोकच्या एकाच फ्लॅटमध्ये राहत होतो. भावजय इथलीच, चिनी. लग्नानंतर कानावर पडलं तेवढंच तिचं मराठी.

त्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवरा मरीन इंजिनियर, नेमका तेव्हा जहाजावर. आईचं करायला मला उठता येणार नव्हतं, म्हणून धाकटा भाऊ तिला तोआ पायोहला आपल्या घरी घेऊन गेला. मी भावजयीला फोनवर सगळं बजावलं. गोळ्या कधी द्यायच्या, पायाला तेल कोणतं. "आणि ती जेवायला फार वेळ लावते. अन्न गार होऊन जातं. परत गरम करून देत जा."

काठी टेकत चालता यायला लागल्यावर एका रविवारी मी तिकडे जेवायला गेले. भावजयीने आईपुढे गार भात ठेवला, त्यावर दही.

"अगं, गरम नाही केलास?"

"नाही ताई. आईला वाफ नको. आईचा बाबा पण वाफवाला नाही खायचा. आगीतून घरी आला की नाही खायचा."

"कसल्या आगीतून?"

ती आईकडे वळली. "ताईला माहीत नाही?"

आई भात कालवत होती. "तिने कधी विचारलं नाही," ती म्हणाली.

भाऊ हसत म्हणाला, "मलाही आत्ताच कळलं. भारी ना?" त्याला काहीच वाटलं नव्हतं. मी मात्र हातातला घास ताटात परत ठेवला. आम्हाला लहानपणापासून एवढंच माहीत होतं की आजोबा म्युनिसिपालटीत होते. तेवढ्यावर आमचं भागलं होतं. आणि ही, जिला 'माझा आई' आणि 'माझी आई' यातला फरक अजून कळत नाही, ती मला माझ्या आजोबांचं जेवण सांगत होती!

गुडघा पुरता बरा व्हायच्या आधीच मी आईला परत आणलं. भाऊ म्हणाला, राहू दे की अजून. मी ऐकलं नाही. घरी आल्यावर तिच्याशेजारी बसून मी सरळच विचारलं, "आई, आजोबांचं सांग ना."

"तिला सांगितलंय सगळं. तिलाच विचार. मला पुन्हा पुन्हा नाही बोलवत."

दोन दिवस मी भावजयीला फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी केला.

आम्ही तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलच्या रांगेपाशी, भेटलो. तिने दोन कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, आणल्या आणि सांगायला लागली. सुरुवात चिनी सातव्या महिन्यापासून झाली होती म्हणे. त्या महिन्यात इथे लोक इमारतीखाली लोखंडी पिंपात आपल्या गेलेल्या माणसांसाठी कागदी नोटा, कागदी कपडे जाळतात. भावजय तिच्या वडिलांसाठी जाळायला संध्याकाळी खाली गेली, आणि आई बादली घेऊन तिच्या मागे आली.

"मी बोलले, आई, जळू दे, ते आपोआप विझतं. आई बोलली, आपोआप काही विझत नसतं. मग बाकावर बसून राहिली, सगळं काळं होईपर्यंत. आणि मग बोलायला लागली."

हे ऐकताना मला आमच्या इमारतीखालची पिंपं आठवली. दर वर्षी धूर वर यायला लागला की मी खिडक्या लावून घ्यायची.

आजोबा विशीत असताना बंबावर लागले. तेव्हा बंब घोडे ओढायचे. कुटुंब बंबखान्याच्याच वरच्या खोलीत राहायचं. घंटा झाली की आजोबा ताटावरून उठून जिना उतरायचे, आणि आजी ताट झाकून ठेवायची. कापसाच्या वखारीची आग सगळ्यांत वाईट. वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. तिथून ते दोन-दोन दिवस येत नसत. आले की आधी खाली घोड्याला खरारा करायचे, त्याला गूळ द्यायचे, मगच वर यायचे. आजी त्या घोड्यावर जळायची. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले. आई जन्मली तेव्हा आजोबांचं वय बरंच झालेलं. ती शेंडेफळ. आगीहून आले की ते तिला पुढ्यात घेऊन बसायचे आणि ती छोट्या फणीने त्यांच्या मिशांतली काजळी काढायची.

"अशी," भावजय म्हणाली आणि स्वतःच्या ओठावर बोटं फिरवून दाखवली. ती लकब हुबेहूब आईची होती. आईने बोटं अशी फिरवली तेव्हा समोर मी असायला हवी होते.

"शेवटी आपल्या आजोबांची छाती गेली, धुराने," ती म्हणाली. "मग खोली सोडावी लागली."

आपल्या! मी विचारलं, "मला का नाही सांगितलं तिने?"

"मी पण विचारलं. बोलली, सासरच्या घरात सगळे हसायचे. मुलीला सांगितलं तर मुलगी एकतर हसणार, नाहीतर भांडणार."

मग मला आत्या आठवली. आंघोळीचा बंब पेटवायची वेळ झाली की आत्या दरवेळी म्हणायची, "वहिनी, तुम्हीच पेटवा. बंब तुमच्या माहेरचा!" आणि सगळं घर हसायचं. मला वाटायचं, आईच्या माहेरी मोठा तांब्याचा बंब असेल. आई मान खाली घालून ढलप्या सरकवत राहायची.

कारण कळलं. तरी मी घरी आले ती चिडूनच. भावजयीने प्रेमाने सांगितलं होतं, पूर्ण सांगितलं होतं, आणि त्याचाच मला राग येत होता.

आई खिडकीपाशी बसली होती. मी पर्स ठेवली आणि म्हटलं, "आजी घोड्यावर जळायची म्हणे."

"घोडा नव्हे गं, घोडी!" आई एकदम म्हणाली. "घोडी होती ती. म्हणून तर आई चिडायची. माझ्या सुनेला घोडा-घोडी कळत नाही." आणि ती हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "मी एकदा घंटा वाजवली होती."

"कुठली घंटा?"

"बंबखान्याची. बाबांच्या खांद्यावर बसले होते. त्यांना म्हटलं, मला वाजवायची. ते म्हणाले, हळूच, एकदाच. मी दोरी अशी ओढली की सगळी माणसं टोप घालत धावत आली! कुणाच्या गालाला साबण, कुणाचा एकच बूट. साहेब बाबांना एवढं बोलले, एवढं बोलले. आणि बाबा खाली मान घालून हसत होते, मला वरून त्यांचे खांदे हलताना जाणवत होते."

मी विचारलं, "हे तिला सांगितलंस?"

"नाही. हे आत्ता आठवलं."

आता आई शनिवार-रविवार भावाकडे असते. तिचीच इच्छा. मीही सोबत जाते. भावजय पाहुण्यांना आजोबांची गोष्ट सांगते, माझी भाची मध्येच इथल्या इंग्रजीत "नो लाह मम्मी, फर्स्ट द हॉर्स" करत तिला दुरुस्त करते, आणि आई मान डोलावत ऐकते. भावजय अजूनही घोडाच म्हणते. मी तिला सांगितलेलं नाही. घंटेचंही नाही.