वरच्या मजल्यावरचे डिझायनर

मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक डिझायनर राहतात. बोलणं कमी. समोरचा बोलत असला, की त्याच्या चेहऱ्याऐवजी हातांकडे बघत राहतात. मला ते विचित्रच वाटायचं. काहीही नवं बनवलं, की आमच्याकडे घेऊन येतात आणि आपल्या गुजराती ढंगात म्हणतात, "जरा वापरून बघा ने!"

गेल्या रविवारी त्यांनी बाबांसाठी नवा वॉकर आणला. त्यांचंच डिझाइन, कंपनीनं पसंत केलेलं. बाबा घरभर फिरून आले आणि खुशीत त्यांच्याच गुजरातीत म्हणाले, "सरस छे!" मीही टाळ्या वाजवल्या.

डिझायनर तडक वर गेले, करवत घेऊन आले आणि आमच्या डोळ्यांदेखत वॉकरची मूठ कापायला लागले.

मी ओरडलोच, "अहो, हे काय करताय? कंपनीनं पास केलाय ना?"

"वळताना काकांची बोटं पांढरी पडली होती," ते म्हणाले. "म्हणजे माझंच चुकलंय."

मी बाबांकडे बघितलं. ते मान खाली घालून म्हणाले, "पडेन असं वाटलं रे. रोजच वाटतं."

एकाच घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. डिझायनर मात्र बाबांसमोर जमिनीवर बसून विचारत होते, "कुठल्या बाजूला वळताना, काका?"