दुसरा निरोप

भुताखेतांच्या, स्वप्नात येऊन काहीबाही सांगून जाणाऱ्या आजोबांच्या गोष्टी मी इथं नेहमी वाचते, पण खरं सांगू — आजवर नुसती करमणूक म्हणून वाचत होते. माझ्यासमोर कुणी असलं काही सुरू केलं की मी म्हणायचे, आधी बीपी तपासून घ्या, मग बोलू. आजही संध्याकाळी देवापुढं दिवा लावण्यापलीकडं माझं फारसं काही नाही. त्यामुळं हे लिहिताना मला भीती वगैरे वाटत नाहीये... लाज वाटतेय.

मी लातूरला राहते, एमआयडीसीच्या बाजूला. डाळ मिलचा धुरळा दिवसभर खिडकीत साचतो, तो पुसण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मिस्टर फौजेत सुभेदार. त्यांच्या युनिटमध्ये आपल्याकडची बरीच पोरं आहेत — कंधार, नायगाव, उदगीरकडची. ही पोरं वर पोस्टवर गेली की मोबाइल असून नसल्यासारखा. तिथं एक सॅटेलाइट फोन, त्याला रांग, आणि ज्याची पाळी आली त्याला दोन-चार मिनिटं. मग एकानं एकाच ठिकाणी फोन करायचा आणि सगळ्यांची खुशाली सांगून टाकायची, अशी पद्धतच पडून गेली. ते ठिकाण म्हणजे मी. माझा नंबर त्या पोरांना बायकोच्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ. मग मी घरोघरी फोन लावायचा — कुणाच्या वडलांना खताचं सांगायचं, कुणाच्या पोरीला परीक्षेचं, कुणाच्या बायकोला नुसतंच 'ठीक आहे' सांगायचं. पोरी, म्हणजे त्यांच्या बायका, मला 'एक्सचेंज' म्हणतात. मला ते आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

अश्विनी ही त्यातल्या माधवची बायको. सासर कंधारजवळच्या खेड्यात, पहिलटकरीण, सातवा महिना. बीपी वाढायला लागलं म्हणून माधवनं सुट्टीवर आल्यावर तिला आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं ठेवलं. दवाखाना जवळ, आणि खाली मी. यावरून त्याच्या आईशी, गयाबाईंशी, त्याचं चांगलंच वाजलं. गावातल्या कितीतरी लेकीसुनांची बाळंतपणं त्यांनी केलेली, आणि पोटच्या पोराला आईवर भरवसा नाही, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. सामान उतरवायला त्याही आल्या होत्या. शेजारपाजार ऐकत असताना माझ्या अंगणात उभं राहून मला म्हणाल्या, "माझी सून तुमी फितवली, बाई. तुमा फौजेतल्या बायकायला दुसऱ्याच्या घरात लई रस."

माधव त्यांच्याशी एक शब्द न बोलता, पाया न पडता, नांदेडला रेल्वे धरायला निघून गेला. तो गेला ते गेला, मी मात्र ते वाक्य जपून ठेवलं. भांडी घासतानासुद्धा मनातल्या मनात त्याला उत्तरं देत बसायचे.

उन्हाळा लागला. लातुरात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं, आणि टीव्हीवर मात्र नुसता बर्फ — अवेळी पडलेला. वरचे रस्ते बंद, फोन बंद. दिवसांमागून दिवस गेले, एक्सचेंज गप्प. मिस्टर खाली बेसवर होते. त्यांना फोन लावला की, "सगळं ठीक आहे, तू पोरींना सांभाळ," एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं की सगळं ठीक असलं की हा माणूस भाजीचे भाव विचारतो. त्या दिवसांत एकदाही विचारले नाहीत.

अश्विनीनं जेवण टाकलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हे असंच चाललं तर बाळाचं काही खरं नाही. त्याच दुपारी मी स्वयंपाकघरात खाली बसून ढेमसं चिरत होते. अश्विनी जिना उतरून आली आणि दाराला टेकून उभी राहिली. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. तिनं काही विचारलंसुद्धा नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "अगं, आत्ताच फोन येऊन गेला. माधव ठीक आहे."

तिला पटेना. काय म्हणाले, नेमकं काय म्हणाले, म्हणून ती माझ्यासमोर बसलीच. मला काही सुचेना... समोर परात, परातीत ढेमसं. म्हटलं, "म्हणाला, अश्विनीला ढेमसं खाऊ घाला. मी सांगितलंय म्हणावं."

ती बघतच राहिली आणि मग एकदम हसायला लागली. माधवला ढेमसं अजिबात चालत नाहीत, ताटात पडली की गुपचूप तिच्या ताटात सारतो, हे तिनंच मला हसता हसता सांगितलं. मग रडली. तेवढ्यात मिलचा भोंगा झाला. लाइन लगेच तुटली, बाकीच्यांचं काही कळलं नाही, तेव्हा कुठं बोलू नको — हेही मी ठोकून दिलं. एकदा सुरुवात झाली की पुढचं आपोआप येतं. त्या दुपारी ती भाकरी आणि ढेमशाची भाजी पोटभर जेवली, आणि मला इतकं हलकं वाटलं की खोटं बोलल्याचं काही वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गयाबाई आल्या. गावात टीव्हीवर बर्फाचं बघून त्यांच्यानं राहवलं नाही. अश्विनीनं दारातच त्यांना सांगितलं, काल फोन आला होता, ते ठीक आहेत. गयाबाई पिशवी घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आल्या. डिंक, जवसाची चटणी, ज्वारीचं पीठ असं एकेक काढून ओट्यावर मांडत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "बाई, माझ्यासाठी काई बोल्ला का वो त्यो?"

एक वाक्य. आदल्या दिवशी ढेमशांवरून आख्खा निरोप रचणाऱ्या बाईला एक वाक्य जड नव्हतं. 'आईला सांभाळून राहायला सांगा म्हणाला' — एवढं म्हटलं असतं तरी त्या बाईचा जीव भांड्यात पडला असता. पण मला ते अंगणातलं आठवलं. आणि नेमकं तेव्हाच मला खरं बोलायची हुक्की आली.

"नाही," मी म्हटलं. "वेळ नव्हता त्याला."

"बरं," त्या म्हणाल्या. रिकामी पिशवी घडी घालून कमरेला खोचली आणि अश्विनी जेवून जा म्हणत असताना दुपारच्या गाडीनं निघून गेल्या. मी त्यांना थांबा म्हटलं नाही. मला आतून बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते.

त्याच संध्याकाळी मिस्टरांचा फोन आला. संपर्क झाला होता. माधवच्या छातीत पाणी झालं होतं, तो बरेच दिवस तंबूत पडून होता, आणि त्या सकाळी त्याला हेलिकॉप्टरनं खाली आणलं होतं. धोका टळला होता. मी अश्विनीला मिठी मारली आणि दोघी मनसोक्त रडलो.

पुढं काही दिवसांनी हॉस्पिटलमधून माधवचा अश्विनीला फोन आला. तिनं मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. ती हुंदके देत होती, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिनं काही बोलायच्या आत तोच खोल आवाजात म्हणाला, "ढेमसं खाल्लीस का नाही? काकूजवळ निरोप दिल्ता मी."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. दुपारचं ऊन अंगावर येत होतं आणि हातावर काटा उभा राहिला होता.

कुणीतरी त्याला सांगितलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण सांगणार कोण? त्याच्याशी तो तिचा पहिलाच फोन, आणि ढेमशांचं आम्हा दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

मग तो आजारपणाच्या रजेवर आला, सरळ लातूरला. गयाबाईही आल्या. मी सगळ्यांना खाली जेवायला बोलावलं. माधव वाळून काटकी झालेला, पण आनंदात होता. पहिल्या घासालाच म्हणाला, "काकू, मला काई सुद राहिली नव्हती. शेजारच्यानं फोन कानाला लावून दिला असंल. पण तुमचा आवाज साफ यायलता. मागं भोंगा वाजून राहिलता. तुमी म्हणल्या, बोल लवकर, मी ढेमसं चिरून राहिले. म्हून तर मला ते सुचलं."

माझ्या हातातली पळी आमटीतच राहिली.

"दोन निरोप दिल्ते मी," तो म्हणाला आणि आईकडं वळला. "आई, काकूनं तुला सांगितलं ना? पाया न पडता निघालो, ते छातीवर बसलंय म्हणलं. आल्यावर आधी तुझ्या पाया पडतो म्हणलं."

मी मान वर करू शकले नाही. गयाबाई माझ्याकडं बघत होत्या हे न बघताही कळत होतं. रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हाव," त्या म्हणाल्या. "सांगितलं की बाईनं. म्या आले त्याच दिशी सांगितलं. जेव तू."

तो उठला, खरकट्या हातानंच वाकून त्यांच्या पाया पडला. अश्विनी पदरानं डोळे पुसत माझ्याकडं बघून हसली. मला तिथून उठून कुठं तोंड लपवावं कळेना.

जेवणं झाल्यावर मोरीजवळ मी गयाबाईंना गाठलं. तोंड उघडलं, पण त्यांनी हातानंच थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या. म्या तुमाला बोल्ले, तुमी मनात ठिवलं. झालं. पर त्याला कळू देऊ नका. उद्या तिथून कुण्या लेकरानं निरोप दिला तर त्याचा इश्वास ऱ्हायला पाह्यजे का न्हाई?"

मी काय सांगणार होते? निरोप दाबला नाही, मुळात फोनच आला नव्हता? मग ढेमसं कुठून आली? आणि खरंच फोन आला असता, त्यानं हे सांगितलं असतं, तर मी ते गयाबाईंना पोचवलं असतं का... छातीठोकपणे हो म्हणता येत नाही मला. म्हणून गप्प बसले.

माझ्या मोबाइलमध्ये त्या दुपारचा एकही कॉल नाही, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. मिस्टरांना सगळं खरं सांगितलं, अंगणातल्या त्या वाक्यापासून. त्यांनी माधवजवळ तंबूत असलेल्या जवानाला विचारलं. फोन कधीचा बंद पडलेला होता. खाली आणायच्या आदल्या दुपारी माधव तापात मूठ कानाला लावून बडबडत होता, मध्ये थांबत होता, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा हसतही होता. मिस्टर म्हणाले, योगायोग असेल. मी म्हटलं, ढेमसं पण? त्यांनी फोन ठेवून दिला. त्या दिवशी भाजीचे भाव विचारले नाहीत.

त्या दुपारी त्याच्याशी कोण बोललं, मला माहीत नाही. आवाज माझाच होता, असं तो आजही सांगतो. जी कुणी होती, तिनं दोन्ही निरोप नीट ऐकून घेतले होते. माझ्यापर्यंत एकच का पोचला, की दुसऱ्याला मीच जागा ठेवली नव्हती... यावर डोकं चालवून मी थकले. तुम्हाला काही उलगडलं तर सांगा, फक्त माझं कौतुक करू नका. ते अश्विनी येता-जाता करते, तेच सहन होत नाही.

तिला मुलगी झाली. माधव पुन्हा वर गेलाय. एक्सचेंज चालू आहे, पण आता मी पदरचा एक शब्द घालत नाही, आणि फोन ठेवायच्या आत प्रत्येकाला विचारते, आईला काय सांगू? माधव दर वेळी काहीतरी सांगतो. मी लगेच गयाबाईंना फोन लावते आणि त्याचे शब्द जसेच्या तसे सांगते.

त्या ऐकून घेतात. मग "बरं" म्हणतात. त्या सकाळी पिशवीची घडी घालताना म्हणाल्या होत्या, तसंच.