दाराबाहेरून ऐकलेलं रीळ

सिनेमाचं रीळ धानाच्या कोठीत ठेवलं होतं म्हटलं तर आता पोरं हसतात. पण आम्हाला काय माहीत होतं सांगा? बियाणं जसं ठेवतो तसंच ठेवलं. पत्र्याच्या डब्यात घातलं, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि डबा धानात खोल खुपसला. ओल लागली नाही, कीड लागली नाही. मागच्या साली नातीनं ते रीळ नागपूरला नेऊन मोबाइलमध्ये उतरवून आणलं. गल्लीतली सगळी पोरं जमून पाहत बसली आणि एक जण म्हणाला, "आजी, याचा आवाज तर गेला न."

आवाज कधी नव्हताच त्याला. पण आम्ही ते ऐकलेलं आहे. कसं, ते सांगणारी आता मी आणि आणखी एखाद-दुसरं माणूस उरलं असेल, म्हणून लिहून ठेवते.

आमची गल्ली भंडाऱ्यातली, पितळेच्या भांड्यांची. सकाळी दिवस वर आला की हातोडे सुरू व्हायचे ते दिवस बुडेपर्यंत. बाहेरच्याला वाटायचं, एवढ्या गोंगाटात ही माणसं घसा फोडून बोलत असतील. अहो, हातोड्यापुढं ओरडून कोण जिंकणार? आमच्याकडं कोणी ओरडतच नसे. नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे. जोडीला हनुवटी आणि भुवया. एवढ्यात सगळा कारभार चालायचा, भांडणंसुद्धा.

मी दिघोरीची. आमच्याकडं बोलायचं म्हणजे धानाच्या या बांधीतून त्या बांधीत हाक मारायची. लग्न होऊन इथं आले तेव्हा वाटलं, सासरची सगळी माणसं माझ्याबद्दलच कुजबुजतात. एकदा रडले पण. तेव्हा सासूनं मला समोर बसवलं. सासूला मी मामी म्हणायचे आणि सासऱ्यांना मामाजी, आमच्याकडं तशीच रीत आहे. मामी म्हणाल्या, "माह्या तोंडाकडं पाह्य. कानाले कायले तरास देते?" त्यांनीच शिकवलं. पुढं मी इतकी तयार झाले की माल घेणारे शेठजी ओट्यावर बसलेले असताना मामी आणि मी त्यांच्या मिशीवर बोलून घ्यायचो. शेठजी आपले पान चघळत बसलेले.

पुरुष आत कारखान्यात ठोकायचे. कारखाना म्हणजे काय, कवेलूचं छप्पर असलेली एक लांब काळोखी खोली. बायका बाहेर अंगणात चिंच आणि राख घेऊन भांडी घासायच्या. काळंकुट्ट आलेलं घंगाळ मामींच्या हाताखालून गेलं की त्यात तोंड दिसायचं. मामींचे स्वतःचे हात मात्र कोपरापर्यंत काळे.

ते रीळ निघालं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. शेठजींच्या मुलीचं लग्न होतं. शेठजींचे लहान भाऊ, त्यांना सगळे धाकटे शेठ म्हणत, शौकीन माणूस. चावी देऊन चालणारा सिनेमाचा कॅमेरा त्यांनी कुठून तरी आणला होता. लग्न काढून झालं, रीळ थोडं उरलं, म्हणून ते आमच्या कारखान्यात आले. आत अंधार. त्यांनी वरची दोन-चार कवेलू काढायला लावली. उन्हाचा पट्टा नेमका मामाजींच्या अंगावर पडला. मामाजींच्या समोर त्यांचा जोडीदार. दोघं मिळून पाणी भरायचा एकच मोठा गुंड ठोकत होते, एकाचा हातोडा वर तेव्हा दुसऱ्याचा खाली.

तेवढ्यात मामी चहाची किटली घेऊन आत गेल्या. लुगडं वर खोचलेलं, हात काळे, कपाळावर राख. समोर ते यंत्र पाहून थबकल्या, त्याच्याकडंच बघत राहिल्या. आणि अचानक हातोडे थांबले आणि सगळे गडी हसले. मामाजी काहीतरी बोलले होते. मामींचं लक्ष यंत्राकडं, म्हणून त्यांच्या ओठांकडं बघायचं राहून गेलं. मामींनी तोंडावर पदर ओढला, पदराआडून काही पुटपुटल्या, किटली खाली ठेवली आणि बाहेर आल्या.

मी अंगणातच होते. विचारलं, "काय झालं मामी?"

"काई नाई. घास तू."

संध्याकाळी घरी त्यांनी मामाजींना विचारलं. मामाजी म्हणाले, "मी कुठं काय बोललो?" आता एवढे गडी हसले ते काय उगाच? पण आमच्या मामाजींचा स्वभाव असा, एकदा नाही म्हटलं की नाही.

त्या दिवसानंतर मामींनी कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. चहा जायचा, पण किटली उंबऱ्यावर. कपानं दाराच्या फळीवर ठकठक करायच्या आणि मागं फिरायच्या. मामाजी उठून यायचे, किटली न्यायचे. एकदा मी समोरच असताना मामाजी म्हणाले, "आत ये न वो. रोज मले उठवते."

"कायले? हसायले?" मामी म्हणाल्या.

विषय तिथंच संपला. घरात दोघांचं सगळं नीट होतं हो, शब्दाला शब्द नाही. फक्त तो एक उंबरा राहून गेला.

मग दिवस पालटले. आधी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी आली, मग स्टील आलं, प्लास्टिकच्या बादल्या आल्या. लग्नात पितळेचा एक गुंड द्यायचा तोही लोक बाजूला ठेवू लागले. गल्लीत एकेक हातोडा कमी होत गेला. सकाळी चिमण्यांचा आवाज ऐकू यायला लागला तेव्हा मला पहिल्यांदा धसका बसला. आमचे हे वरठीच्या पोलादाच्या कारखान्यात सायकलनं जाऊ लागले. मामाजी म्हणायचे, "बाप पितळ ठोकते अन् पोरगा लोखंड. जा बाप्पा, पोटासाठी सगळंच चमकते."

त्याच सुमारास मामींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, पण सुरीचं नाव काढलं की त्या विषय बदलायच्या. आणि मग मामाजी आजारी पडले. शेवटी आवाज गेला होता, नुसते ओठ हलायचे. आमच्या घरात ते काही अवघड नव्हतं, पण मामींना ओठच दिसत नव्हते. त्या मला जवळ ओढायच्या, "काय म्हणून राहिले, पाह्य." मी वाचून सांगायचे. पाणी मागतात. कूस बदलून द्या म्हणतात. मामी करत राहायच्या. मामाजी गेल्यावर त्या मला एकदाच म्हणाल्या, "त्या दिवशीचं त्याईनं सांगितलंच नाई."

कोणत्या दिवशीचं, हे मला विचारावं लागलं नाही.

नंतर आमचा कारखानाही बंद झाला. आणि कधी नव्हे ते धाकटे शेठ गल्लीत आले. त्यांचं घर आता नागपूरला जाणार होतं. म्हणाले, लग्नाचं रीळ पुतणीला देतो, पण त्याच्या शेपटाला तुमच्या कारखान्याचा तुकडा चिकटलेला आहे, तो कापून टाकणार. टाकायच्या आधी एकदा पाहून घ्या, ठेवायचा असेल तर ठेवा.

दुपारीच पाहायचं ठरलं, त्याच बंद कारखान्यात. काळ्या भिंतीवर पांढरं धोतर ताणून बांधलं. दारं लावली. तरी वरून उजेड येतच होता, कारण धाकट्या शेठांनी काढायला लावलेली ती कवेलू नंतर कधी नीट बसलीच नव्हती. एक जण वर चढला आणि त्यानं भोकात पोतं कोंबलं.

मी मामींना हात धरून आणलं. उंबऱ्याशी त्या थांबल्या. "मले तसंबी दिसत नाई. मी हीथंच बसते." आणि बंद दाराला पाठ टेकून बाहेर बसल्या. मी त्या फळीला चिकटून आत बसले.

मशीन खरखरलं आणि धोतरावर माणसं हलायला लागली. आपलीच माणसं, पंधरा-वीस वर्षांनी तरुण झालेली. मग एक म्हातारा स्वतःलाच पडद्यावर पाहून म्हणाला, "अरे, पाह्य मी काय म्हणून राहिलो. पोट आत घे, शेठचा भाऊ मशीन घेऊन आला." सगळे हसले. मग जो तो वाचायला लागला. ज्याचे ओठ हलतील त्याचे शब्द कोणीतरी मोठ्यानं म्हणायचं. जे गेले होते त्यांचेही. एकानं पडद्यावर म्हटलं होतं, "यानं कवेलू काढले, आता पाऊस आला का याच्याच डोक्यावर घंगाळ धरू." तेही मोठ्यानं वाचलं गेलं.

धाकटे शेठ मशीनपाशी बसले होते. म्हणाले, "हे मला बोलले होते? मला तर वाटायचं, हे रीळ मुकं आहे."

"रीळ मुकं हाय जी. आमी थोडीच मुके हाओत?"

मग उन्हाचा पट्टा आला आणि पट्ट्यात मामाजी. त्यांचे शब्द कोणी म्हणेना. सगळ्यांना माहीत होतं, ते आमच्या घरचे.

दाराबाहेरून मामींनी विचारलं, "थांबले काहून? कोण आलं?"

"मामाजी," मी म्हटलं.

"काय म्हणून राहिले?"

मी वाचलं. "माह्यं काळं थोबाड कायले काढता शेठ? भांड्यावरची चमक जिची हाय, तिले काढा न." मामाजींनी हनुवटी उचलली, ओठ पुढं हलत होते, आणि चित्र सरकलं. दारात किटली घेतलेली मामी.

फळीपलीकडून आवाज आला, "पुढं?"

"पुढचं दिसत नाही मामी. कॅमेरा तुमच्याकडं वळला."

"माह्याकडं?"

धाकटे शेठ म्हणाले, "त्यांनी हनुवटीनं दाखवलं म्हणून मी फिरवला. बोलले काय, ते त्या आवाजात मला कुठलं ऐकू यायला?"

"मंग सगळे हसले काहून?" मामींनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. पण एवढी वर्षं हेच एक विचारायचं राहिलं होतं.

मामाजींचा जोडीदार कोपऱ्यात बसला होता. त्याचे कान केव्हाच गेले होते. मी उठून मशीनच्या उजेडात त्याच्यासमोर बसले आणि ओठांनी विचारलं. बहिऱ्या माणसासारखं तो मोठ्यानंच बोलला, "म्हणे, चहा तिच्याच हातात हाय. तिले खूश ठेवा, नाईतर आज घोटभर भेटत नाई."

सगळे हसले. अगदी तसेच, जसे त्या दिवशी हसले होते.

"हा बुढा बनवून सांगते," कोणीतरी म्हणालं. मी ते ओठांनी त्याला सांगितलं.

"बनवून कायले सांगू? माह्यासमोर बसला होता तो."

"मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"मले कोणी इचारलं? वयनी कधी आत तरी आल्या?"

धाकट्या शेठांनी रीळ मागं घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा मामाजी, पुन्हा ती हनुवटी. चित्र मामींवर सरकलं आणि त्याच वेळी दार करकरलं. उजेडाचा लोट आत आला, धोतरावरच्या मामी किटलीसकट पुसल्या गेल्या, आणि दारात मामी उभ्या होत्या. दार लावा, असं कोणीच म्हणालं नाही.

त्यांनी पायानं उंबरा चाचपला आणि आत आल्या. कोणी हात द्यायला उठलं तर म्हणाल्या, "सरक. मले मालूम हाय." भिंतीच्या अंदाजानं नीट मामाजींच्या जागेपर्यंत गेल्या, ऐरणीवर हात ठेवला आणि तिथंच बसल्या. धाकट्या शेठांना म्हणाल्या, "तेवढं कापून मले द्या जी. फेकू नका." शेठ हो म्हणाले.

जोडीदारानं कोपऱ्यातून विचारलं, "वयनी, तुमी पदराआडून काय म्हणल्या होत्या त्या दिवशी? पदरामुळं वाचताच नाई आलं."

मामी त्याच्या दिशेला वळल्या, त्याला दिसावं म्हणून तोंड वर केलं आणि म्हणाल्या, "म्हटलं, चहा थंडा होऊन राहिला."

मग मला म्हणाल्या, "जा माय, चहा टाक सगळ्याईले. किटलीत आण. अन् हीथं आण, आतमंदी."