दादाची डावी बाजू

आमच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या. मोठ्या आरशासमोरची दादाची, दाराजवळची माझी. कोणी माझ्याकडे वळलं की दादा म्हणायचा, "बसा, बसा. केस काय, परत उगवतात."

मग दादाला मेंदूचा झटका आला, त्यातून हातपाय सावरले, बोलणंही सुधारलं. कामावर परतल्यावर पहिलं गिऱ्हाईक शेजारचा गॅरेजवाला. दादाने त्याचा उजवा गाल गुळगुळीत केला आणि टॉवेल झटकून "झालं" म्हणाला. डावा गाल फेसासकट तसाच. गॅरेजवाल्याला थट्टा वाटली, तो खो खो हसला. मी दादाला दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे ठणठणीत आहेत. ते डावीकडचं सगळं पोचवतात, पण मेंदूच त्याची दखल घेत नाही. म्हणून हात तिकडे जात नाही, आणि काही राहिलंय असं त्याला वाटतही नाही. ताटात डावीकडे भाजी असताना "भाजी कुठाय?" म्हणून तो वहिनीवर का ओरडायचा, ते तेव्हा कळलं.

वस्तरा मी कपाटात कुलपात ठेवला. दादा भडकला. "माझ्या हातातलं काम काढून घेतोस? लाज नाही वाटत?" वाटत होती. पण लोकांच्या गळ्याशी खेळ कसा करू देणार? कात्री तेवढी त्याच्याकडे राहू दिली.

एकदा गॅरेजवाला केस कापायला बसला. अर्धं डोकं झालं आणि मागे बसलेल्या मला काहीतरी सांगायला तो खुर्चीसकट गर्रकन फिरला. राहिलेली बाजू दादाच्या उजवीकडे आली.

"अरे देवा! ही अर्धवट हजामत कोणाची?" दादाने माझ्याकडे पाहिलं. "तूच असणार!"

आणि मला शिव्या घालत त्याने ती बाजू झकास कापली.

तेव्हापासून अर्धं काम झालं की मी खुर्ची फिरवायचो आणि शिव्या खायचो. पुढे तो स्वतःच फिरवायला लागला. तरी वस्तरा द्यायचा माझा धीर होईना. शेवटी मीच फेस लावून त्याच्या खुर्चीत बसलो. "कर," म्हटलं. एक बाजू झाली. त्याने खुर्ची फिरवली, माझा दुसरा गाल बघून तोंड वाकडं केलं, आणि तोही केला. कुठे खरचटलंसुद्धा नाही. मी कपाटाची किल्ली त्याच्या हातात दिली.

स्वारी खुशीत. आरशात बघून उजवा गाल कुरवाळत होती. सकाळी घरून दाढी करून आला होता, आणि डाव्या गालावर खुंट तसेच होते. मी त्याला खुर्चीत बसवून ब्रश उचलला.

"अरे, केलीय मी दाढी!"

"अर्धी राहिलीय, दादा."

"मग तूच ठेवली असशील!"

"हो, मीच," मी म्हटलं. "मान सरळ ठेव."